‘त्याला गती मिळेल का?’

ज्या घरात कुणी आत्महत्या केली, त्या घरातून हा प्रश्न येतोच. कुणी महिनोन्महिने मनात ठेवतं, कुणी पहिल्याच भेटीत विचारतं. पारोळ्याकडच्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातल्या आईने तो बसता बसताच विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "मना आंडोरले गती भेटी का, ताई?" म्हणजे, माझ्या मुलाला गती मिळेल का?

दारावर आलेल्या कुणीतरी तिला ईशोपनिषदाचा दाखला दिला होता : आत्मघात करणारे अंधाऱ्या लोकांत जातात. दुसऱ्याने त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायला सांगितलं. मुलाचं कर्ज डोक्यावर होतंच, त्यात विधीसाठी आणखी पैसे उचलायची तिची तयारी.

मी म्हटलं, "माय, त्या मंत्रावर शंकराचार्यांचं भाष्य आहे. त्यांच्या मते तो जीव देणाऱ्यांबद्दल नाहीच. ज्यांना आत्मज्ञान झालं नाही, त्या सगळ्यांबद्दल आहे. म्हणजे त्यात तुम्ही-मीही आलो." विधीला मी विरोध केला नाही. मन हलकं होत असेल तर करावा. पण पोर गेलेल्या आईला भीती घालून कर्ज काढायला लावणं मला क्रूर वाटतं, आणि हे मी तिच्या दिरासमोर स्पष्ट बोलले.

सोबत तिची मुस्लिम शेजारीण आली होती. "आमच्यातही हे हरामच आहे," ती खालच्या आवाजात म्हणाली. खरं आहे. पण कुराणात ‘स्वतःला मारू नका’ म्हणणारी जी आयत आहे, तिच्यातच पुढे अल्लाह तुमच्यावर दयाळू असल्याचं सांगितलंय. आजाराने हैराण होऊन स्वतःचे हात जखमी केलेल्या आणि त्यातच दगावलेल्या एका माणसाची गोष्ट हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी सांगणाऱ्या संग्रहांत, येते. पैगंबरांनी त्याच्या हातांसाठीही क्षमा मागितली. ख्रिस्ती चर्च तर शतकानुशतकं अशा माणसाला दफनविधी नाकारत होतं. कॅथलिकांच्या 1983 च्या कायद्यात ती मनाई उरली नाही.

धाकट्या मुलाने मध्येच विचारलं, "मग जैनांचा संथारा कसा चालतो? विनोबांनी अन्न सोडलंच ना?" संथारा म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडण्याचं व्रत. प्रश्न रास्त होता. विनोबांनी 1982 मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध थांबवलं, ते सत्त्याऐंशीव्या वर्षी, आजारपणात. संथाराही आयुष्याच्या शेवटी, गुरूंच्या परवानगीने, घरच्यांच्या देखत घेतात. निराशेपोटी जीव देणं जैन धर्मालाही मान्य नाही, ती हिंसाच. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. दयामरणाचा प्रश्नही निराळाच. बरं होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार ठरावीक प्रक्रियेने थांबवायला 2018 पासून आपल्याकडे परवानगी आहे. तिचा मुलगा यांपैकी कशातच बसत नव्हता. तो कर्जाने आणि न झोपलेल्या रात्रींनी पिचला होता. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतो.

मग मी साने गुरुजींचं नाव घेतलं. अमळनेरला शिकवलेले गुरुजी. 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांना कुणी पापी म्हणतं का? माय रडली. तोवर ती रडलीच नव्हती.

पण ‘पाप नाही’ एवढं सांगून मी कधीच थांबत नाही. बोलताना ती दोनदा म्हणाली होती, "तो तिकडे एकलाच आहे." म्हणून सरळ विचारलं, "माय, तुमच्याही मनात जीव द्यायचं येतं का?" असं विचारल्याने विचार पेरला जातो, हा गैरसमज आहे. ती म्हणाली, "रातले येतं."

आता धर्मांची मनाई मला हवी होती. सगळ्यांनी इतक्या कडकपणे ‘नको’ म्हटलं ते जिवंत माणसाला अडवण्यासाठी, असं मला वाटतं. गेलेल्याच्या आईला छळायला ते वापरू नये. मी तिला म्हटलं, "त्याला क्षमा आहे. तुम्हाला मात्र जायची परवानगी नाही."

त्याच दिवशी दिराने फवारणीची औषधं तिच्या घरातून हलवून कुलपात ठेवायचं कबूल केलं. रात्री सून तिच्याजवळ झोपू लागली, मनोविकारतज्ज्ञांची गोळी सुरू झाली. कर्जाचे कागद घेऊन धाकटा मुलगा बँकेत गेला. माय अजून येते, गतीचं अजून विचारते, मी पुन्हा सांगते.

तुमच्या घरात कुणी असं बोलत असेल तर एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.