उंची भरली, पण मुलगी तयार आहे का?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कचे बेत शिजायला लागतात, आणि मी मुलांच्या मानसिक समुपदेशनाचं काम करत असल्याने मग माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, मुलाला मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसवायचं का?" विचारणारे नवरा-बायको बहुतेक वेळा घरी वाद घालूनच आलेले असतात. एकाला वाटतं पोरगं भित्रं राहील, दुसऱ्याला वाटतं धसका घेईल.

ज्या घराबद्दल सांगते आहे तिथली वाटणी जरा वेगळी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी साडेआठ वर्षांची, तिसरीतली, वर्गात सगळ्यांत उंच. आग्रह आईचा, ठाम नकार आजीचा, आणि वडील दोघींच्या मध्ये गप्प. सोबत पुण्याचे काका-काकू आणि त्यांचे दोन मोठे मुलगे येणार होते. त्या दादांनी व्हिडिओ कॉलवर "तू खाली बसून पर्स सांभाळ" म्हणून तिला चिडवूनही झालं होतं.

आईचं म्हणणं मला पटण्यासारखं होतं. "मॅडम, मला लहानपणी साध्या पाळण्यात बसू दिलं नाही. मुलींना आपणच भित्र्या करून ठेवतो. आणि ती स्वतः म्हणतेय ना, बसायचंय!" पुढे त्यांनी भावाचं उदाहरण दिलं. त्याला वडिलांनी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेऊन तिथल्या गांधी तलावात ढकललं होतं, आठवड्यात तो पोहायला लागला.

ही ढकलण्याची गोष्ट मी नाशिकमध्ये इतक्यांकडून ऐकली आहे की तिला माझं उत्तर तयार असतं: जे पोहायला शिकले तेच ती कौतुकाने सांगतात. ज्यांनी त्या दिवसानंतर पाण्यात पाय घातला नाही, ते कशाला सांगतील? शिवाय तलावात वडील शेजारी असतात, नाकातोंडात पाणी गेलं तर वर ओढतात. कोस्टर एकदा निघालं की शेजारी बसलेल्या आईला हातही नीट धरता येत नाही.

आता ते कोस्टर. इमॅजिकातलं मोठं कोस्टर म्हणजे नायट्रो. त्याची उंची 132 फूट, वेग ताशी 105 किलोमीटरपर्यंत, वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो, आणि डब्याला तळ नसल्याने पाय अधांतरी. उंचीची अट मुलगी पार करत होती. पण उंचीची पट्टी इतकंच सांगते की सीट आणि खांद्यावरून येणारा लॉक त्या अंगाला नीट धरून ठेवतील. म्हणूनच जाड तळाचे बूट घालून उंची भरवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यावर मी चर्चासुद्धा करत नाही. फिट्स, हृदयाचा किंवा मानेचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर विषय बालरोगतज्ज्ञांचा, माझा नाही. या मुलीला तसं काही नव्हतं. कसाऱ्याच्या घाटात गाडी लागायची, एवढंच.

मग आईवडिलांना बाहेर बसवून मी मुलीशी बोलले. "घाबरतेस का?" असं मी मुलांना विचारत नाही. त्याचं उत्तर त्यांना पाठ असतं: नाही! तिच्यापुढे खेळण्यातली माती ठेवली आणि म्हटलं, मला ती राईड करून दाखव. तिने वळी करून वळणं केली, पेन्सिलचं टोपण गाडी म्हणून चढवलं, आणि अगदी रंगून सांगायला लागली. कुठे वर चढते, कुठे उलटी होते, दादा कुठे ओरडेल. यूट्यूबवर पाहून सगळं तोंडपाठ होतं. मी विचारलं, "इथे वरती पोचल्यावर तुला वाटलं की आता नको, तर?"

ती सहज म्हणाली, "मग मी ओरडणार. ते काका थांबवतात."

"कोण काका?"

"पाळण्यावाले."

काही दिवसांपूर्वी, नवरात्रात, ती नाशिकच्या कालिका देवीच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसली होती. वरती गेल्यावर पुढच्या पाळण्यातलं एक लहान मूल रडायला लागलं, तेव्हा पाळणेवाल्याने चक्र हळू करून त्याला आईसकट खाली उतरवलं. तिच्या लेखी सगळ्याच राईड अशा. तिच्या "मला बसायचंय"मध्ये हा मधेच उतरण्याचा दरवाजा गृहीत होता, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. मोठ्यांना कोस्टरची मजा येते ती भीती वाटत नाही म्हणून नव्हे. काळीज तोंडात आलेलं असतं, पण डोक्यात पक्कं असतं की हे दोन-तीन मिनिटांत संपणार आहे, आपण बांधलेले आहोत, काही होत नाही. मुलाकडे ते भान नसेल तर उरते नुसती भीती. त्यात ज्या थांबण्यावर भरवसा ठेवला ते थांबणंही मिळालं नाही, की मूल फक्त राईडला घाबरत नाही, नेणाऱ्या माणसावरही रुसतं. अशी मुलं दरवेळी रडतातच असं नाही. कित्येक जण उतरल्यावर एकदम गप्प होतात, आणि घरचे म्हणतात, "बघ, काही झालं नाही!"

आईला हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नाहीच न्यायचं?" तसंही नाही. मी त्यांना मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम सांगितलं. 1924 साली त्यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्या मुलाबद्दल लिहिलं. त्याच्या अंगावर ससा टाकला नाही. तो आवडीचं खात असताना पिंजरा लांब ठेवायचा, आणि त्याला सोसेल तसा हळूहळू जवळ आणायचा. शेवटी मुलगा सशाशी खेळायला लागला. भीतीवर आजही आम्ही बरंचसं असंच काम करतो, पायरीपायरीने, आणि पुढची पायरी कधी चढायची ते मुलाला विचारून.

म्हणून ठरलं ते असं. आधी मुलीला सरळ सांगायचं की ही राईड सुरू झाली की ओरडल्यावर थांबत नाही. हे ऐकून तिने बेत बदलला तर "अगं, एवढं काय!" म्हणायचं नाही. व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण पोटात गोळा येतो तो व्हिडिओत कळत नाही. म्हणून आधी त्याच पार्कमधली गोल्ड रश एक्सप्रेस, जी उलटी होत नाही. तिथून उतरल्यावर "मजा आली ना?" विचारायचं नाही, "पुन्हा बसूया का?" विचारायचं. या प्रश्नाला मुलं जास्त खरं उत्तर देतात. नायट्रोच्या रांगेत उभं राहिलं तरी सीटवर बसायच्या क्षणापर्यंत माघारी फिरता येतं, हे तिला आधीच माहीत हवं. ती फिरली तर सोबत कोण फिरणार तेही घरूनच ठरवायचं, म्हणजे तिथे चिडचिड होत नाही. आइस्क्रीमचं आमिष नाही, आणि दादांना काकूंकडून आधीच तंबी. वडिलांना वेगळं सांगितलं: सकाळी मिसळ हाणून, घाट उतरून थेट राईडवर नेऊ नका. डोळ्यांना दिसणारी आणि आतल्या कानाला जाणवणारी हालचाल जुळली नाही की मळमळतं, आणि मुलं त्या मळमळीलाही भीतीच समजतात.

आजींचा निरोप आला होता की मॅडमनी एकदाचं "नको" म्हणून टाकावं. ते मी म्हटलं नाही. आजीची काळजी खोटी नव्हती, पण नकार माझ्या तोंडून वदवून घेण्यात मुलीचा आवाज पुन्हा बाजूलाच पडला असता.

भाऊबीज झाल्यावर आईचा फोन आला. गोल्ड रशमध्ये मुलगी दोनदा बसली. नायट्रोच्या रांगेतही लागली, अर्ध्यावर पोचल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला तिने स्वतःच विचारलं, "दादा, मधेच थांबवता येते का?" तो नाही म्हणाला. मग तिने बाबांचा हात धरला आणि दोघं रांगेतून बाहेर आले. पुण्याचा मोठा दादा काहीतरी बोलणार होता, काकूंनी डोळे वटारले.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी बसले की! पूर्ण वेळ डोळे मिटून. खाली आले तर ही बया माझी पर्स घेऊन उभी, म्हणते, आई, तुझा आवाज इथपर्यंत येत होता."

पुढच्या वर्षी तिला न्यायचं का, हे त्यांनी लगेच विचारलंच. मी म्हटलं, तेव्हा तिला नव्याने विचारा. यंदाचं "नको" पुढच्या वर्षी धरून बसू नका, आणि तिने "हो" म्हटलं तर काय समजून म्हणतेय तेवढं पुन्हा एकदा तपासा. मुलीला परत माझ्याकडे आणायची गरज नव्हती.