उशी काढा, मग बोलू

प्रश्न : ताई, माझं वय ६८, निवृत्त शिक्षिका. १९ दिवसांपूर्वी डाव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. टाके निघाले, जखम कोरडी आहे, वॉकर घेऊन घरात चालते. पण गुडघा ७५ अंशांपुढे वाकत नाही. घरी फिजिओथेरपिस्ट रोज एकदा येतात, पालथं झोपवून पाय मागे दाबतात. डोळ्यांतून पाणी येतं. रात्री गुडघा फुगतो आणि सकाळी पुन्हा ७० वर. शेजारच्या काकूंचा पंधराव्या दिवशी १०० होता म्हणे. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की तेवढं बरं वाटतं. यांनी आता मालिशवालीला बोलवायचं काढलंय. मी हा जोर सोसू का? आणि पुन्हा देवासमोर मांडी घालून बसता येईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बाई, वाकण्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं उशीचं वाक्य वाचून मी थांबले.

सुजलेल्या गुडघ्यात पाणी साठलेलं असतं, आणि पाय थोडा, म्हणजे २५-३० अंश, वाकलेला असला की त्या पाण्याला आत सर्वांत जास्त जागा मिळते. म्हणून उशी घेतली की हायसं वाटतं. पण याच आठवड्यांत आतल्या जखमा भरत असतात आणि सांध्याच्या मागचं आवरण त्याच वाकलेल्या स्थितीत आखडतं. मग पाय पूर्ण सरळ होत नाही. तो सरळ नसला की माणूस लंगडतं, मांडीचा स्नायू उभं राहतानाही कामावरच राहतो आणि दहा पावलांत थकतो. घरोघरी ‘किती वाकला?’ एवढंच विचारतात. ‘सरळ होतो का?’ हे कुणी विचारत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा मला फिजिओथेरपीच्या कामात वीस वर्षं झाली होती. चौथ्या रात्री ती कण्हायला लागली आणि मीच उठून तिच्या गुडघ्याखाली लोड सरकवला. दुसऱ्यांच्या घरी याच गोष्टीवरून लोकांना ओरडणारी मी! तो लोड तिथेच राहिला. तिसऱ्या आठवड्यात मोजलं तर पाय सरळ व्हायला १२ अंश कमी. ते परत मिळवायला आम्हाला दीड महिना लागला.

तुम्ही आजच बघा. कडक दिवाणावर पाय लांब करून बसा आणि गुडघ्याखालून तळहात सरकवा. सहज आरपार गेला तर पाय सरळ नाही. मग टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहापर्यंत जा, दिवसातून चार-पाच वेळा. मागे ताण बसेल, तो बसायलाच हवा. त्याच वेळी मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. बरोबर जमलं की गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना दिसते. रात्री पाय उंच ठेवायचा तर पोटरीपासून टाचेपर्यंत आधार द्या, गुडघ्याखाली नुसती उशी नको.

आता वाकणं. दोन-तीन आठवड्यांत ९० च्या आसपास यावं अशी आमची अपेक्षा असते, म्हणून तुम्ही थोड्या मागे आहात. पण हातातून काही गेलेलं नाही. सपाट चालायला ६५-७० अंश पुरतात. जिना चढायला, खुर्चीतून नीट उठायला ९० आणि त्यापुढचे लागतात. बहुतेकांचा गुडघा तीन महिन्यांत ११० ते १२० पर्यंत येतो. काकूंचं मनावर घेऊ नका. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता यावर नंतरचं बरंच अवलंबून असतं, आणि तुमचा किती वाकत होता ते तुम्ही लिहिलेलं नाही.

जोर लावण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ताणताना दुखणारच, दुखलंच नाही तर सांधा जागचा हलणार नाही. पण ते दुखणं थोड्या वेळात ओसरायला हवं. रात्री सूज आणि सकाळी पाच अंश कमी, याचा अर्थ मात्रा जास्त झाली. सुजलेला गुडघा वाकत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी जोर, म्हणून आणखी सूज. त्या फिजिओथेरपिस्टशी भांडू नका, सकाळचा आकडा त्यांच्यापुढे ठेवा आणि पालथं झोपवून दाबणं थांबवायला सांगा. एकदाच अर्धा तास रडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं पाच-सहा वेळा करा. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास येईल असं वेळापत्रक त्यांना विचारून बसवा. नंतर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, थेट कातडीवर नाही.

वाकवायचं कसं, तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून बसा. पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या, फरशीवर पाय छान घसरतो. टाच जमेल तेवढी मागे न्या. मग उजवा पाय डाव्याच्या घोट्यावर पुढून अडकवून हळूच आणखी मागे रेटा आणि दहा अंक थांबा. पुढच्या वेळी पिशवी काढून पाय फरशीवर रोवा आणि बैठक पुढे सरकवा. पाय जागीच, गुडघा आपोआप वाकतो. टाच पोचेल तिथे खडूने रेघ मारा. खडू तुमच्या हातात शोभतोच! रोज सकाळी आधी जुनी रेघ बघायची. अर्धा इंच मागे गेली तर दिवस चांगला गेला.

मालिशवालीला मात्र नाही म्हणा. ताज्या जखमेजवळ तेल नको, आणि पोटरी रगडणं तर मुळीच नको. या काळात पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, चालताना आतून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थांबूच नका, सरळ हॉस्पिटल गाठा. ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तरी लगेच दाखवा. घोटे वर-खाली हलवणं मात्र दिवसभर चालू ठेवा. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर वाटेल, गुडघा काही महिने गरम लागेल, आत ‘टक’ असा आवाज येईल. या तिन्हींना घाबरू नका.

सहा आठवड्यांच्या तपासणीला रोजचे आकडे वहीत लिहून घेऊन जा. तोवर ९० झाले नाहीत तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवून देण्याचा विचार करू शकतात. त्याला वेळेची मर्यादा असते, म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ करू नका.

राहिलं मांडी घालून बसणं. खरं सांगायचं तर ११०-१२० अंशांत मांडी बसत नाही, आणि बरेच सर्जन नव्या गुडघ्यावर जमिनीवर बसणं टाळायलाच सांगतात. तुमच्या सर्जनना विचारा, पण त्या आशेवर आज पाय दाबून घेऊ नका. आमच्याकडे देवघर जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं. आई आठवडाभर रुसली होती. आता खुर्चीत बसून, टाच समोरच्या स्टुलावर ठेवून जप करते आणि एकेका मण्याला मांडी आवळते.