वाळवी लाकूड स्वतः पचवते की पोटातले सूक्ष्मजीव?

तुमचा प्रश्न रास्त आहे: लाकूड पचवणारे आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) वाळवीच्या पोटात राहतात असं शिकलो, मग शेतातल्या वाळवीत ते सापडत का नाहीत?

शिकलात ते अर्धंच खरं. 1920 च्या दशकात क्लीव्हलँड या अमेरिकी संशोधकाने जास्त दाबाचा ऑक्सिजन देऊन वाळवीच्या आतड्यातले आदिजीव मारले. वाळवी जगली, लाकूडही खात राहिली, पण पुढे उपासमारीने मेली. प्रयोग चोख होता. मात्र त्यावरून ‘वाळवीकडे लाकूड पचवणारं स्वतःचं एन्झाइमच (विकरच) नाही’ असा समज रूढ झाला, तो चुकीचा. 1998 मध्ये वातानाबे आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या रेटिक्युलिटर्मिस वाळवीच्या स्वतःच्या पेशींत सेल्युलेजचं, म्हणजे लाकडातला मुख्य घटक सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमचं, जनुक दाखवलं. हे एन्झाइम तिच्या लाळग्रंथीत तयार होतं. जुनी पुस्तकं खाणाऱ्या कसर या किड्याबद्दल तर 1956 मध्येच कळलं होतं की जिवाणू काढून टाकले तरी ती सेल्युलोज पचवते.

आता एन्झाइमं. एंडोग्लुकानेज सेल्युलोजची साखळी मधेच तोडतं, एक्झोग्लुकानेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवतं, बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडतं. हे तिसरं कमी पडलं की जोड्या साचतात आणि आधीच्या दोघांचं काम मंदावतं. वाळवीकडे पहिलं आणि तिसरं आहे. घट्ट स्फटिकी भागासाठी लागणारं दुसरं आदिजीव पुरवतात. ते लाकडाचे कण गिळून आंबवतात आणि वाळवीला त्यातून मुख्यतः ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) मिळतं.

आपल्या बांधावरची ओडोंटोटर्मिस वाळवी वेगळी. तिच्या आतड्यात जिवाणू आहेत, पण लाकूड पचवणारे आदिजीव नाहीत. ती टर्मिटोमायसिस बुरशीची शेती करते. वारूळ खणलं तर आत भोकाभोकांचे भुसभुशीत तपकिरी गोळे दिसतात, त्यावर बुरशीच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गाठी. तरुण कामकरी पालापाचोळा आणि या गाठी खाऊन अर्धपचलेला चोथा गोळ्यावर रचतात. बुरशी आपली एन्झाइमं सोडून तो मऊ करते आणि जुना झालेला भाग वयस्क कामकरी खातात. गाठींसोबत बुरशीची एन्झाइमंही पोटात जाऊन काम करतात, असं मायकेल आणि जोन मार्टिन यांनी 1978 मध्ये आफ्रिकेतल्या मॅक्रोटर्मिस या बुरशी वाढवणाऱ्या वाळवीवर दाखवलं. पचनात या एन्झाइमांचा वाटा किती, यावर पुढे वाद झाला. माझ्या मते खरं पचन पोटाबाहेर, त्या गोळ्यातच उरकतं.

पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी याच बुरशीची. ओढून काढू नका, बाजूची माती हलकेच उकरा. मुळासारखा लांब देठ थेट त्या गोळ्यापर्यंत गेलेला सापडेल.