साईटवर नुसतं उभं राहायचं का?

प्रश्न: मी सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे, पुण्यात एका फर्ममध्ये इंटर्नशिप चालू आहे, पण साईट इंजिनिअर म्हणतात तू नुसतं बघ. दिवसभर उन्हात उभं राहून शिकायचं तरी काय?

उत्तर: अरे, बघ म्हणतात ना, मग नीट बघ की! स्लॅब भरायच्या आधी बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती, कशी वाकवायची याचा तक्ता) हातात घे आणि सळ्यांचा व्यास, अंतर स्वतः मोज, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) कुठे निसटलेत ते शोध. सळईचं मीटरला किलोत वजन म्हणजे मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, 12 मिमीची मीटरला साधारण 0.89 किलो, फोरमनला हे तोंडपाठ असतं आणि आपण मोबाईल काढत बसतो. काँक्रीट आलं की स्लम्प (ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) बघ, ताकद तपासायचे 150 मिमीचे क्यूब भरायचं काम मागून घे, सगळ्यांना कंटाळा असतो त्याचा त्यामुळे लगेच मिळतं. एम 25 काँक्रीट म्हणजे 28 दिवसांनी 25 न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद, हे वाचून विसरायला होतं पण मशीनखाली क्यूब फुटताना बघितलं की डोक्यात बसतं. मिस्त्रींशी गप्पा मार, साहेबांपेक्षा जास्त सांगतात (चहा पाजलास तर अजूनच). आणि हेल्मेट, सेफ्टी शूज फर्मकडून मागून घे, त्यात लाजायचं काय!