विश्व किती स्पीडने पसरतंय? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

सर, विश्व पसरतंय म्हणतात, मग सूर्य, पृथ्वी, आपला सातपुडापण एकमेकांपासून लांब चाललेत का? (रावेरचे एक केळी उत्पादक)

नाही भाऊ. जिथे गुरुत्वाकर्षणाची पकड घट्ट आहे तिथे हे पसरणं चालत नाही, आपली सूर्यमाला, अख्खी आकाशगंगा बांधलेलीच राहते. शेजारची देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) तर २५ लाख प्रकाशवर्षांवर असून उलट आपल्याकडेच येतेय. पसरतंय ते दीर्घिकांच्या समूहांमधलं अंतर, आणि तेसुद्धा खूप लांबवर बघितलं तरच नीट कळतं.

हबल स्थिरांक ७३ असं वाचलं, पण ७३ काय? आणि हे मोजतात कसं? (अमळनेरहून एक शिक्षक)

सर, हबल स्थिरांक म्हणजे विश्व किती वेगाने पसरतंय ते सांगणारा आकडा, एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचा. त्याचं एकक जरा अवघड आहे, सेकंदाला किलोमीटर, दर मेगापार्सेकला. एक मेगापार्सेक म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षं. तेवढ्या अंतरावरची दीर्घिका सेकंदाला ७३ किमीने लांब जाते, दहापट अंतरावरची ७३० ने, असा तो हिशोब.

यातला स्पीड मोजणं त्यामानाने सोपं, प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्या ते बघायचं, झालं. खरी मेहनत आहे ती अंतराची. समजा रात्री लांबच्या शेतात एक बल्ब दिसतोय, तो ४० वॉटचा आहे हे माहीत असेल तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं, पण वॉटच माहीत नसतील तर काहीच सांगता येत नाही. ताऱ्यांचे हे वॉट कसे ओळखायचे ते हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी दाखवलं. हार्वर्डच्या वेधशाळेत फोटोंच्या काचा तपासता तपासता १९१२ साली त्यांनी छोट्या मॅगेलन मेघातल्या (ही आपल्या शेजारची एक लहान दीर्घिका) २५ ताऱ्यांवरून मांडलं की सेफिड जातीच्या, म्हणजे तेज ठरावीक काळाने बदलणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त व्हायला तो जितके जास्त दिवस घेतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. म्हणजे नुसते दिवस मोजा, वॉट कळतात! मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा शोध हाच, आणि हबलइतकंच त्यांचंही नाव पाठ्यपुस्तकात पाहिजे.

पुढे मग पायऱ्या आहेत. जवळच्या सेफिडांचं अंतर भूमितीने काढायचं, त्यावरून लांबच्या दीर्घिकांमधले सेफिड, आणि ज्या दीर्घिकेत सेफिडपण दिसतात आणि टाइप वन-ए सुपरनोव्हापण (जवळपास ठरावीक तेजाचा ताऱ्याचा स्फोट) फुटलाय तिथे त्या सुपरनोव्हाचं तेज पक्कं करून घ्यायचं, की मग कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबचं मोजता येतं. खालची पायरी चुकली की वरचं सगळं चुकतं. हबलने १९२९ मध्ये काढलेला आकडा ५०० च्या आसपास होता, त्यावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षं निघायचं आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने! १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेंनी सांगितलं की सेफिड दोन प्रकारचे असतात, तेव्हा अंतरं एकदम दुप्पट झाली.

एक टीम ६७ सांगते, दुसरी ७३. मग कोणाचं चुकलं? (भुसावळचे रेल्वेतले वाचक)

अजून कोणाचीच चूक सापडलेली नाही, म्हणून तर हे इतकं महत्त्वाचं आहे. ६७.४ हा प्लँक उपग्रहाचा आकडा, विश्व ३.८ लाख वर्षांचं असतानाचा जो प्रकाश आजही सगळीकडून येतो त्यावरून काढलेला, त्रुटी फक्त ०.५. तो मॉडेलमधून येतो, म्हणजे लहानपणीच्या विश्वावरून आजचा वेग किती असायला पाहिजे ते. ७३ हा खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडम रीस यांच्या टीमचा, वर सांगितलेल्या पायऱ्यांनी, ३७ दीर्घिकांमधल्या ४२ सुपरनोव्हांवरून, त्रुटी साधारण १. लोकांना शंका होती की गर्दीतले सेफिड हबल या अवकाश दुर्बिणीला नीट वेगळे दिसत नसतील, तर नव्या वेब अवकाश दुर्बिणीने तेही तपासलं आणि हबलची मापं बरोबर निघाली. खगोलशास्त्रज्ञ वेंडी फ्रीडमन यांची टीम मात्र सेफिड सोडून लाल राक्षसी तारे वापरते आणि त्यांचं उत्तर ७० च्या आसपास येतं. त्यामुळे ‘भौतिकशास्त्र कोसळलं’ असले व्हिडिओ फॉरवर्ड करू नका प्लीज, पण फरक किरकोळ आहे असंही म्हणू नका.

आपल्याकडे यावर काही होणार आहे का? (धुळे)

हो, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे बारीक तरंग) टिपणारी वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिशय घट्ट गोळे) आदळल्याचं दिसलं, त्याच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या, त्या लहरीतूनच अंतर कळतं, मधल्या पायऱ्या लागतच नाहीत. उत्तर आलं ७०, पण त्रुटी अजून मोठी आहे, अशा बऱ्याच टकरी मिळाल्या की ती कमी होईल.

मी अकरावीत आहे, दुर्बीण नाही. यातलं मला काही करता येईल का? (चोपडा)

येईल ना बेटा, सेफिड तू डोळ्यांनी बघू शकतोस! दिवाळीच्या सुमारास रात्री साडेसात-आठला गावाच्या लाइटपासून लांब जा, उत्तरेला शर्मिष्ठेच्या एम अक्षराच्या डावीकडे वृषपर्वा (इंग्रजीत सीफियस) हा तारकासमूह आहे, त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण दिसेल, झीटा, एप्सिलॉन आणि डेल्टा. सेफिड हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच डेल्टा. ५ दिवस ९ तासांत त्याचं एक चक्कर होतं, चढतो पटकन, उतरतो सावकाश. तेजस्वी असला की झीटाच्या बरोबरीला येतो, मंद झाला की एप्सिलॉनपेक्षाही खाली. १७८४ मध्ये जॉन गुडरिक या वीस वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलाने हे बघितलं ते डोळ्यांनीच तुलना करून. वहीत तारीख, वेळ आणि कोणासारखा दिसला एवढंच लिही, ढग असले तर रिकामं सोड, अंदाजाने भरू नको. महिनाभराची पानं पाठव, त्याचा ग्राफ कसा काढायचा ते सांगतो.