सोव्हिएत काळातल्या फुटबॉलचा एकच हंगाम नीट समजून घ्यायचा असेल, तर कोणता निवडावा?

१९७३. त्या वर्षी आर्मेनियाच्या अरारात येरेवाननं लीगही जिंकली आणि चषकही. तोवर एकाच वर्षात ही दोन्ही विजेतेपदं मॉस्को आणि कीव सोडून इतर कुठल्याही शहरात गेली नव्हती. आर्मेनिया तर क्षेत्रफळानं सोव्हिएत संघातलं सर्वांत लहान प्रजासत्ताक!

गुणतक्ता उघडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर आकड्यांचा मेळ बसणार नाही. विजयाला तेव्हा दोन गुण असत. पण १९७३ मध्ये बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउट घ्यायचे आणि त्यात जिंकणाऱ्यालाच एक गुण द्यायचे. हरणाऱ्याच्या पदरी शून्य. आपसात ठरवून बरोबरी साधण्याला आळा बसावा म्हणून हा उपाय होता. पुढच्याच वर्षी तो गुंडाळला. सोळा संघ, प्रत्येकाचे तीस सामने. अरारात ३९ गुणांवर, दिनामो कीव ३६ वर.

प्रशिक्षक होते निकिता सिमोन्यान. जन्मानं आर्मेनियन, पण खेळाडू म्हणून बहुतेक कारकीर्द मॉस्कोच्या स्पार्ताकची शान म्हणून गाजलेली. प्रशिक्षक म्हणूनही स्पार्ताकला त्यांनी १९६२ आणि १९६९ मध्ये लीग जिंकून दिली होती. येरेवानला आल्यावर मात्र सगळं श्रेय त्यांना देऊन टाकणं मला पटत नाही. १९७१ मध्ये हाच संघ लीगमध्ये दुसरा आला होता. कर्णधार झानाझान्यान, आंद्रेआस्यान, इश्तोयान ही मंडळी आधीपासून तिथे होती. बाकूच्या नेफ्तचीमध्ये नाव कमावलेला एदुआर्द मार्कारोवही आलेला होता. सिमोन्याननी या तयार संघाला जिंकण्याचा विश्वास दिला, असं मी म्हणेन, आणि ती काही लहानसहान गोष्ट नाही.

चषकाची अंतिम लढत १० ऑक्टोबरला मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर झाली. समोर पुन्हा कीवच. कोलोतोवनं पेनल्टीवर कीवला पुढे नेलं आणि ती आघाडी जवळजवळ शेवटपर्यंत टिकली. ८९व्या मिनिटाला लेवोन इश्तोयाननं बरोबरी साधली. जादा वेळेत दुसरा गोलही त्यानंच केला. २–१! मला या हंगामातली सगळ्यात प्रिय गोष्ट हीच: ज्या संघाशी लीगमध्ये चुरस चालू होती, त्यालाच चषकात असं गाठलं. कीवला हा पराभव फार झोंबला. प्रशिक्षक सेविदोव यांना जावं लागलं, आणि पुढच्या हंगामापासून नवे प्रशिक्षक वालेरी लोबानोव्स्की यांचं युग सुरू झालं. सोव्हिएत फुटबॉलच्या पुढच्या दीड दशकावर या माणसाची छाप आहे. म्हणजे लोबानोव्स्कींच्या कीवची थोर गोष्ट समजून घ्यायलाही तुम्हाला याच सामन्यापाशी यावं लागतं.

‘एका वर्षाचा चमत्कार’ असं कुणी म्हणालं तर मानू नका. १९७५ मध्ये अरारातनं सोव्हिएत चषक पुन्हा जिंकला. युरोपातल्या लीगविजेत्या क्लबांच्या १९७४–७५ च्या युरोपियन चषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि बायर्न म्यूनिकसमोर उभा ठाकला. म्यूनिकमध्ये ०–२ हरला, पण येरेवानच्या ह्राझदान दरीतल्या स्टेडियमवर आंद्रेआस्यानच्या गोलवर १–० जिंकला. बायर्ननं पुढे तो चषक पटकावला. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल दोघांच्या नावावर आहेत, प्रत्येकी पाच: एक गेर्ड म्युलर आणि दुसरा अरारातचा मार्कारोव.