रेषा एका उपग्रहाच्या, रंग दुसऱ्याचे

प्रश्न : आमची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. प्रकल्पासाठी लिस-४ या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचं रंगीत आणि कार्टोसॅट-१ या उपग्रहाचं कृष्णधवल चित्र संगणकावर एकत्र केलं. बांध छान उठून दिसले, पण एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक, काढला तर आकडे मूळ चित्रापेक्षा वेगळे. खरे कुठले?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मूळ लिस-४ चे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी हे बजावतो, आणि प्रत्येक तुकडी जोडलेल्या चित्रावरच पिकं मोजायला बसते! चित्र देखणं दिसतं ना, मग मोह होतोच.

कार्टोसॅट-१ चा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, जमिनीवर २.५ मीटरचा, लिस-४ चा ५.८. कृष्णधवल कॅमेरा अनेक रंगांच्या रुंद पट्ट्यातला सगळा प्रकाश एकत्र घेतो, म्हणून जमिनीच्या लहान तुकड्यातूनही त्याला पुरेसा उजेड मिळतो. रंगीत कॅमेऱ्याला तोच उजेड हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) अशा पट्ट्यांत वाटून घ्यावा लागतो. पूर्वी स्टुडिओत कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवत, तसंच हे चित्रं जोडण्याचं काम: रेषा कार्टोसॅटच्या, रंग लिस-४ चे. नाक-डोळे फोटोतले, गालावरची लाली रंगवणाऱ्याची. तुमच्या चित्रात एकरामागे सुमारे १२० पिक्सेलचे साडेसहाशे झाले, पण हिरवेपणाची नोंद १२० जागांचीच राहिली.

आकडे किती हलतात ते पद्धतीवर आहे. चित्रं जोडण्याची ब्रोव्ही पद्धत सगळ्या पट्ट्यांना एकाच गुणकाने गुणते, त्यामुळे लाल आणि अवरक्त पट्ट्यांवरून निघणारं एनडीव्हीआयचं गुणोत्तर बदलत नाही. तुम्ही बहुधा मुख्य घटकांची किंवा तशीच दुसरी पद्धत वापरली असावी. तिथे कृष्णधवल चित्राची उजळ-गडद छटा प्रत्येक पट्ट्यात कमी-जास्त मिसळते.

दोन्ही चित्रांच्या तारखाही बघा. उजनीचं पाणी जानेवारीत एका काठाला असतं, मेमध्ये पार आत गेलेलं. अशी दोन चित्रं जोडली तर धरणाला दोन-दोन काठ येतात. बागेत छाटणीच्या आधीचं एक आणि नंतरचं दुसरं, असं झालं तरी तोच घोळ.

तेव्हा बांधांच्या हद्दी जोडलेल्या चित्रावर आखा आणि त्या हद्दींच्या आतली सरासरी मूळ लिस-४ वरून काढा. काठावरचे पिक्सेल सोडून द्या, त्यांत शेजाऱ्याचा ऊस मिसळलेला असतो.